एमएच सोडून उरलेली अक्षरं

सकाळची जळगाव-धुळे एसटी. बांभोरीचा पूल मागे पडलेला असतो. अर्धी बस शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली असते. अशा वेळी खिडकीतला एक माणूस पूर्ण ताकदीनिशी ओरडतो, "झेड. एल."

मागच्या सीटवरचं तान्हं बाळ दचकून रडायला लागतं. कुणाच्या तरी हातातला डबा खाली पडतो. कंडक्टरताई तिकिटाचं मशीन थांबवून कपाळाला आठ्या घालतात. आणि ओरडणारा माणूस आपण काही केलंच नाही अशा थाटात पुढची गाडी शोधत बसतो. ते आमचे भिकन नाना. माझ्या आयुष्यात मला संताप आणणारी माणसं पुष्कळ आली. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे संतापायची मला सवयही आहे आणि पगारही त्याचाच मिळतो. पण नानांच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही.

आधी तो खेळ सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. रस्त्यावर दिसेल त्या गाडीची नंबरप्लेट वाचायची. एमएच सोडून द्यायचं, आकडे सोडून द्यायचे. मधली जी दोन अक्षरं उरतात, ती त्याच क्रमाने ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. जे, के आलं की जोकर. झेड, एल आलं की पझल. मध्ये, मागे, पुढे कितीही अक्षरं असोत. शब्द मात्र माणसांच्या तोंडातला हवा, डिक्शनरीतला मेलेला नको. माणसाचं नाव चालत नाही, गावाचं चालत नाही, औषधाचं तर मुळीच नाही. शब्द जमला की नाना मांडीवर थाप मारून म्हणतात, "बसना," म्हणजे शब्द बसला. नाही जमला की आपल्याकडे तुच्छतेने बघून म्हणतात, "सर, डोकं वापरा. डबा त रोजच वापरतस."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. मला 'सर' म्हणतात एवढ्यावरून या माणसाने मला इंग्रजीचा जाणकार ठरवून टाकलं. मी म्हटलं, नाना, मी कवायत शिकवतो. ते म्हणाले, "मग शब्दास्ले रांगमा उभं करा." एकदा व्ही, के आलं आणि मी झोपेत व्होडका म्हणून गेलो. तेव्हापासून पारोळ्यापर्यंतच्या सगळ्या अपडाऊनवाल्यांना माझ्याबद्दल भलतीच शंका आहे. शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या मेहुण्याच्या कानावरसुद्धा ते गेलं. मी आजवर साध्या ताडगोळ्याच्या पुढे गेलेलो नाही.

बरं, नाना स्वतः काही शांत माणूस नाहीत. ते चोवीस तास चिडलेले असतात आणि चिडण्याचं कारण बहुतेक वेळा नंबरप्लेट हेच असतं. नंबराची अक्षरं-आकडे वाकवून त्यातून 'दादा' किंवा 'भाऊ' असं काहीतरी वाचायला लावणाऱ्या गाड्या त्यांना सहन होत नाहीत. एकदा फागण्याजवळ रस्त्याच्या कामामुळे गाड्या तुंबल्या होत्या. पुढे अशीच एक काळी जीप. नाना बसमधून उतरले, जीपच्या काचेवर टकटक केलं आणि आतल्या सोन्याच्या साखळीवाल्याला म्हणाले, "दादा, तुम्हनी गाडीले नाव शे, अक्षर नही. आम्ही काय वाचानं?" तो माणूस इतका गोंधळला की त्याने माफी मागितली. नाना परत येऊन बसले ते धुळं येईपर्यंत फुरफुरत होते.

दुसरा राग मोबाईलवर. आमच्या बसला एक कॉलेजची मुलगी येते, स्वभावाने गरीब. तिने एकदा सहज सांगितलं की नाना, आता एवढं डोकं शिणवायची गरज नाही, अक्षरं टाकली की सगळे शब्द एका झटक्यात दाखवणारी साईट असते. तिने दाखवलंही. स्क्रीनवर शब्दांची रांग लागली. नानांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मग उद्यापासून बसमा तुना मोबाईललेच बसाड," ते म्हणाले, "तू घर ऱ्हाय." ती बिचारी दोन दिवस मागच्या दाराने चढत होती. त्या दिवसापासून खेळ चालू असताना कुणी खिशातून मोबाईल काढला तरी नाना डोळे वटारत.

आणि इथूनच सगळं बिघडलं.

हा खेळ नानांनी एकट्याने काढलेला नव्हता. त्यात अर्धा वाटा रफिकचाचांचा. चाचा एरंडोलचे. दोघं धुळ्यात एकाच सरकारी कार्यालयात. नाना आवक-जावकला, चाचा नकाशे काढणारे. नोकरीला लागल्यापासून दोघांचं अपडाऊन बरोबर, डबा बरोबर, दोघांची मिळून एकच पानाची चंची. चाचा हळू बोलायचे, गालात हसायचे, आणि नाना ज्या अक्षरांपुढे हात टेकायचे तिथे हळूच शब्द ठेवायचे. एच, क्यू वर आम्ही अडलो तेव्हा त्यांनी बँकेतला चेक सांगितला होता. ती गोष्ट नाना स्वतःच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांना सांगत होते.

तर एकदा पारोळ्याच्या अलीकडे डी, जे आलं. नाना अडले, मी तर कायमचाच अडलेला. चाचांनी मोबाईल खिडकीकडे धरला, मग डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाले, "अ‍ॅडजस्ट."

शब्द झकास होता. एसटीत तर दिवसातून शंभरदा ऐकू येणारा. पण नानांनी मोबाईल पाहिला होता. ते भरल्या बसमध्ये उभे राहिले आणि ओरडले, "चोर शे हाऊ. मोबाईलमा दखीसन सांगस."

चाचांनी मोबाईल खिशात ठेवला, उठले आणि मागे जाऊन उभे राहिले. उतरताना मला एवढंच म्हणाले, "भरी बस में चोर बोला ना सर. वापस लेगा तो भरी बस में ले, बोलो उसको."

नाना ते परत घेईनात. एक महिना गेला, दोन गेले. अबोला पडला तो पडलाच. आणि या दोघांच्या अबोल्यात माझं भरीत झालं. तिघांच्या सीटवर खिडकीत नाना, मधे मी, कडेला चाचा. "त्याले सांगा, पुढला महिनामा साहेब बदली होई राह्यना." "उसको बोलो, मालूम है." "त्याले सांगा, डबामा मेथी शे." "उसको बोलो, डॉक्टर ने ना बोला है." मेथीला कोणता डॉक्टर ना म्हणतो? पण मी मुकाट्याने निरोप पोचवायचो. दोघांमध्ये एका हाताचं अंतर आणि मी मधला पोस्टमन.

सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट रुमाल. नाना जळगावला बस लागली रे लागली की खिडकीतून रुमाल टाकून कडेची जागा धरायचे. चाचा चढणार एरंडोलला. तोपर्यंत ती जागा रिकामी. बसमध्ये माणसं दांड्याला लोंबकळतायत, बायका पिशव्या सांभाळत उभ्या आहेत, आणि सीटवर नानांचा निळा चौकड्याचा रुमाल ऐटीत बसलेला.

"जागा कोणाची आहे?" कुणी विचारलं की नाना म्हणायचे, "धरेल शे."

"कोणासाठी?"

"रुमालसाठे."

मी एकदा चिडून म्हटलं, नाना, ज्या माणसाशी तुम्ही बोलत नाही त्याच्यासाठी जागा धरता, आणि शिव्या मला खाव्या लागतात. त्याची माफी मागा नाहीतर त्याची जागा सोडा. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही कवायत शिकाडा."

आणि त्याच सुमाराला हे ओरडणं सुरू झालं. पूर्वी खेळ तिघांपुरता, हलक्या आवाजात चालायचा, अक्षरं ज्याची त्याने वाचायची. आता नाना प्रत्येक गाडीची अक्षरं बसच्या दोन्ही टोकांना ऐकू जातील अशी ओरडू लागले. तेवढ्यावर थांबले नाहीत. स्टॅण्ड आला की, "धुळं उनं." दाराशी गर्दी असली की, "पुढे बाया उभ्या शेतस." आमच्या बसच्या दाराची खालची पायरी मोडकी होती. तर रोज उतरताना, "खाले पायरी मोडेल शे, बठ्ठा दखीसन उतरा." अहो, बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, दिसतंय. रोजची माणसं आहेत. कंडक्टरताई एकदा वैतागून म्हणाल्या, "नाना, मग तिकिटं पण तुम्हीच फाडा." एका प्रवाशाने आगारात तक्रार दिली. मी तर एकदा खिशातून शिट्टी काढून नानांच्या कानाशी वाजवली. बाळं रडली ती रडलीच, वर ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि मला उतरवायला निघाला. नानांना कुणी कधी उतरवलं नाही.

अशात चाचांची निवृत्ती आली. महिन्याचा शेवटचा दिवस. चाचांनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं, पण ऑफिसात हार-नारळाची तयारी चालली होती आणि नाना आदल्या आठवड्यापासून जास्तच खेकसत होते. मला एकच घोर लागला होता. आज हा माणूस बोलला नाही, तर पुन्हा कधी बोलणार? उद्यापासून चाचा एरंडोलला घरी, नाना बसमध्ये. तो 'चोर' तसाच बसमध्ये राहणार.

त्या दिवशी सकाळी जळगाव स्टॅण्डवरच मी नानांना गाठलं. म्हटलं, "नाना, माफी मागणं तुमच्याच्याने होणार नाही, मला माहीत आहे. निदान एक करा. आज चाचांचा शेवटचा दिवस. एक अक्षर ओरडू नका. त्या माणसाला एक दिवस सुखाने प्रवास करू द्या."

नाना माझ्याकडे वळले. मला वाटलं आता डबा आणि डोकं येणार. पण ते म्हणाले, "तुम्ही म्हनतस त्यानामा खोटं नही. आज बोलत नही."

आणि खरंच बोलले नाहीत. रुमाल टाकला, तोंड मिटलं. बांभोरी गेली, पाळधी गेली, बसमध्ये इतकी शांतता की इंजिनाचा आवाज नव्यानेच ऐकू आला. कंडक्टरताईंनी मला खुणेने विचारलं, तब्येत बरी आहे ना यांची? मी छाती फुगवून हसलो.

एरंडोलला चाचा चढले. पांढरे स्वच्छ कपडे, अत्तर. दांड्यांना हात लावत लावत आले आणि आमच्या सीटपाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत. सीटच्या पाठीवर हात फिरवला. रुमाल हाताला लागला तेव्हा बसले.

थोड्या वेळाने एक केळीचा ट्रक शेजारून गेला. चाचांनी कान वळवला. मग एक जीप गेली. चाचा चुळबुळ करू लागले. पारोळं जवळ आलं तेव्हा त्यांनी माझ्या कोपराला हात लावून अगदी हळू विचारलं, "सर, नाना नहीं आया आज?"

नाना माझ्या पलीकडे बसलेले होते. एका हाताच्या अंतरावर. नेहमीचा चॉकलेटी शर्ट, नेहमीची मिशी, चाचांकडेच बघत.

मी म्हटलं, "आलेत ना चाचा. हे काय खिडकीत." चाचा पटकन म्हणाले, "हां हां, दिखा दिखा," आणि माझ्या खांद्याच्या वरून भलतीकडेच बघत हसले.

धुळ्याचा स्टॅण्ड आला. कुणी ओरडून सांगितलं नाही की धुळं उनं. बाकीचे भराभर उतरले. बस रिकामी झाली. चाचा दाराशी गेले, पाय पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. हातातली डब्याची पिशवी दारावर आपटत होती. तेवढ्यात माझ्या मागून तो संतापलेला आवाज आला.

"खाले पायरी मोडेल शे, बठ्ठा दखीसन उतरा."

बठ्ठा म्हणजे कोण? बसमध्ये आम्ही तिघंच होतो. चाचांनी पाय लांब टाकला, मोडकी पायरी ओलांडली आणि उतरून भिंतीच्या कडेने चालू लागले.

मी नानांना चहाच्या गाडीपाशी ओढत नेलं. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "आणि सगळ्या बसच्या शिव्या खाल्ल्या, मला बोलला नाहीत."

"तुम्ही शिट्टी वाजाडी असती," नाना म्हणाले.

मग तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. अबोला धरल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांनी ऑफिसात चाचांना पाहिलं होतं. भिंतीवरच्या नोटिशीचा चाचा मोबाईलने फोटो काढत होते, मग तो डोळ्यांना चिकटवून मोठा करून वाचत होते. साखरेने डोळे जात चालले होते. त्या दिवशी पारोळ्याजवळही त्यांनी मोबाईलवर शब्द शोधला नव्हता, प्लेटचा फोटो काढून अक्षरं पाहिली होती. शब्द त्यांच्याच डोक्यातला होता.

"मग त्याच दिवशी बसमध्ये उभं राहून सांगायचं होतं," मी म्हटलं.

"काय सांगू? त्याना हातमा मोबाईल काबर व्हता, हाई बी सांगनं पडतं ना." नानांनी कप इतका जोरात ठेवला की चहा सांडला. "आम्हना ऑफिसना चार जण त्या बसमा ऱ्हातस. नकाशावाला माणूसले दिसत नही म्हटल्यावर साहेब त्याले ठेवता का? त्यानी पोरगीनं लगन व्हई जाऊ दे, त्यानं रिटायर व्हई जाऊ दे, मग सांगसू म्हटलं. चोर त चोर. चोरनी नोकरी जात नही."

"आणि चाचांना माहीत आहे तुम्हाला कळलंय ते?"

"त्यानी कधी सांगं नही, मी कधी विचारं नही. आम्ही बोलतस कोठे?"

मला इतका राग आला की मी तिथून चालता झालो. दिवसभर पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. राग कशाचा होता, हे मला नीट सांगता येणार नाही. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस इतकी मोठी गोष्ट इतके दिवस पोटात ठेवतो आणि आपण शेजारी बसून डबा खात असतो, याचाच असावा.

संध्याकाळची बस खच्चून भरलेली. ऑफिसातले ते चौघंही होते. चाचांच्या गळ्यात झेंडूचा हार, मांडीवर नारळ आणि कुणीतरी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. नाना खिडकीत, मी मधे. बस स्टॅण्डाबाहेर पडली आणि नाना उभे राहिले. कंडक्टरताई म्हणाल्या, "झालं सुरू."

"ऐका बठ्ठा," नाना ओरडले. सकाळच्यापेक्षा मोठ्याने. "ह्याच बसमा मी ह्या माणूसले चोर म्हनेल व्हतं. तो चोर नही शे. तो मोबाईलमा शब्द दखत नव्हता, गाडीनं अक्षर दखत व्हता. त्याले दिसत नही. आज पाच वाजता त्यानी नोकरी सरनी, म्हनीसन आज सांगी राह्यनू. चोर मी शे. मन्हा शब्द मी परत लेस."

निम्म्या बसला काही कळलं नाही. कुणीतरी विचारलं, काय चोरीला गेलं? एक म्हातारी घाईघाईने आपली पिशवी चाचपू लागली. मागून एक जण म्हणाला, आजोबा, बसून घ्या, पडाल. ऑफिसातले चौघं मात्र मान खाली घालून बसले होते.

चाचा घड्याळाच्या खोक्यावर बोटं फिरवत राहिले. मग समोर बघत मला म्हणाले, "उसको बोलो, बैठ जा. गाड़ी जा रही है बाजू से, अक्षर कौन बोलेगा?"

नाना मटकन बसले. खिडकीकडे वळले. ट्रक आमच्या बरोबरीने चालला होता, प्लेट समोर होती. नानांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. डोळे पुसले, पुन्हा बघितलं, पुन्हा तोंड उघडलं. सगळ्या खान्देशाला ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ट्रक पुढे निघाला होता आणि चाचा कान देऊन बसले होते.

मग मी नानांच्या अंगावरून खिडकीकडे वाकलो आणि मैदानावर देतो त्या आवाजात ओरडलो, "डब्ल्यू. एफ."

अख्खी बस दचकली. बाळ रडायला लागलं. कंडक्टरताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

चाचांनी कानात बोट घालून हलवलं. "धीरे बोलो सर," ते म्हणाले. "दिखता नहीं है, सुनता तो है मेरे को."